शेपटीचा बाक, पाठीवरचा भोवरा

फ्लोरिडाच्या दलदलीत पँथर उरला आहे की नाही, एवढे एकच शोधून काढायचे काम रॉय मॅकब्राइड यांच्याकडे आले होते. मॅकब्राइड टेक्ससचे. कुत्री घेऊन प्यूमाचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारे अमेरिकेत फार थोडे होते. फ्लोरिडातल्या बऱ्याच जाणकारांनी हे जनावर संपले असे धरले होते, म्हणून वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने मुद्दाम बाहेरचा माणूस बोलावला. १९७३ मध्ये ग्लेड्स काउंटीत, फिशईटिंग क्रीक या ओढ्याच्या परिसरात, त्यांच्या कुत्र्यांनी एका मादीला झाडावर चढायला लावले. मादी वयस्कर होती, अंगाने खंगलेली. पण ती होती.

पँथर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा बिबट्या येतो. फ्लोरिडाचा पँथर तसा नाही. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत पसरलेल्या प्यूमाचाच तो एक भाऊबंद: एकरंगी, फिकट तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा. एके काळी टेक्ससपासून लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया असे करत फ्लोरिडापर्यंत या जनावरांची सलग वस्ती होती. वयात आलेले नर घर सोडून दूर जात, शेजारच्या मुलखात बस्तान बसवत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रक्तही पूर्वेकडे-पश्चिमेकडे सरकत राही. शेती आणि गुरांची कुरणे वाढली तशी ही वस्ती मधूनच तुटत गेली. १८८७ साली फ्लोरिडा राज्याने पँथरच्या प्रत्येक मुंडक्यामागे ५ डॉलरचे इनाम लावले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला प्यूमा उरला तो फक्त फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्स आणि बिग सायप्रसच्या पाणथळ जंगलांत, म्हणजे माणसाला जिथे सहजासहजी नांगर घालता आला नाही तिथे.

मग कायद्याने त्याची बाजू घेतली. १९५८ मध्ये राज्यात शिकार बंद झाली, १९६७ मध्ये केंद्र सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आले आणि १९८२ मध्ये शाळकरी मुलांनी मते देऊन त्याला फ्लोरिडाचा राज्यप्राणी केले. बंदूक थांबली, लोकांचे प्रेम मिळाले, राखीव जंगले झाली. तरीही पँथर वाढेनात. १९८० च्या दशकात सगळे मिळून वीस-तीस पँथर असावेत, असा अंदाज पुढे आला.

१९८१ पासून पँथरच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालायला सुरुवात झाली. जनावराला बेशुद्ध करायचे, कॉलर बांधायची, वजन-माप घ्यायचे, रक्त काढायचे आणि सोडून द्यायचे. हाताशी आलेल्या या जनावरांच्या अंगावर दोन खुणा वारंवार दिसत. एक म्हणजे शेपटीच्या टोकाचे काही मणके सोडले की तिथे शेपटी चक्क काटकोनात वळलेली. दुसरी, पाठीच्या मध्यावर केसांचा भोवरा. बैलबाजारात भोवऱ्यावरून जनावर पारखणाऱ्या माणसाला ही खूण पटकन कळेल. या दोन खुणा इतक्या सर्रास होत्या, की फ्लोरिडाचा अस्सल पँथर ओळखायचा तो यावरूनच, असे मानले जाई. शेपटीला बाक, पाठीवर भोवरा, म्हणजे हा आपलाच.

राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पशुवैद्य मेलडी रोएल्की यांना मात्र आणखी काही दिसत होते. पुष्कळ नरांचे एक वृषण पोटातून खाली उतरलेलेच नसे, कधी दोन्ही नसत. जसजशी नवी पिढी जन्माला येत होती तसतसे हे प्रमाण वाढत होते. वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक शुक्रजंतूंत काही ना काही व्यंग. काही पिल्लांच्या हृदयाच्या पडद्याला भोक. ही लक्षणे निरनिराळ्या आजारांची नसून एकाच कारणाची असावीत, ही शंका बळावत गेली. शंकेचे मोजमाप करायचे, तर जनावराच्या आत उतरण्याची तऱ्हा हवी होती. ती तोवर दुसऱ्या एका मार्जारावर वापरून झाली होती.

ते मार्जार म्हणजे चित्ता, आणि सुरुवात झाली ती जागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाजवळचे डी विल्ट प्रजनन केंद्र. ॲन व्हान डाइक यांनी १९७१ मध्ये ते सुरू केले. पिंजऱ्यात चित्त्याची वीण होत नाही, हे राजे-महाराजांच्या काळापासून माहीत असलेले दुखणे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचे डेव्हिड विल्ट आणि मिचेल बुश त्याचे कारण शोधायला तिथे गेले, तेव्हा त्यांना चित्त्याच्या वीर्यात सुमारे सत्तर टक्के शुक्रजंतू बिघडलेले आढळले. त्यांनी चित्त्यांच्या रक्ताचे नमुने मेरीलंडमध्ये स्टीफन ओब्रायन यांच्याकडे दिले. ओब्रायन राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत. घरगुती मांजरांना विषाणूमुळे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून मांजराची जनुके त्यांच्या अभ्यासात होती. वन्यजीव-रक्षणाची इतकी मोठी वाट कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून गेली, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते.

त्या काळी जनुकीय वैविध्य मोजण्याची रीत साधी आणि चतुर होती. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही प्रतींत जरासा फरक असला, तर त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांतही फरक पडतो. स्टार्चची जेलीसारखी पातळ वडी घ्यायची, तिच्या एका कडेला रक्ताचा नमुना लावायचा आणि वीज सोडायची. प्रथिने विजेच्या ओढीने जेलीतून सरकतात, कोणी लवकर, कोणी सावकाश. मग रंग टाकला की पट्टे उमटतात. एकाच प्रथिनाचे निरनिराळ्या जनावरांत वेगळे पट्टे आले, तर वारशात वैविध्य आहे. सगळ्यांचे पट्टे एका ओळीत आले, तर निदान त्या जागी नाही. रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॉन हबी यांनी १९६६ मध्ये शिकागोत फळमाश्यांवर ही रीत वापरली आणि निसर्गात वैविध्य कल्पनेपेक्षा किती तरी अधिक आहे, हे दाखवून दिले. पुढे जो तो प्राणी या जेलीवर चढवला गेला आणि बहुतेकांत भरपूर फरक सापडत गेले.

चित्त्यात ते सापडेनात. दक्षिण आफ्रिकेच्या दोन वेगवेगळ्या भागांतले ५५ चित्ते आणि ४७ जनुकांच्या जागा तपासल्या. प्रत्येक जागी पट्टे एका ओळीत. हा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. एवढ्यावर विश्वास बसणे कठीण, म्हणून पुढची कसोटी थेट कातडीवर घेण्यात आली. एका प्राण्याच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्यावर लावला, तर शरीर तो परका म्हणून काही दिवसांत झिडकारते. एकरूप जुळ्या भावंडांत तेवढा तो टिकतो. एकमेकांशी नाते नसलेल्या चित्त्यांवर एकमेकांच्या त्वचेचे तुकडे लावले, आणि ते टिकले. घरगुती मांजराच्या कातडीचा तुकडा मात्र चित्त्याच्या शरीराने झिडकारला. म्हणजे परके ओळखण्याची शक्ती शाबूत होती, दुसरा चित्ताच तिला परका वाटत नव्हता.

याचा अर्थ काय, ते ओरेगॉनमधल्या एका वन्यप्राणी उद्यानात १९८२ पासून दिसू लागले. घरगुती मांजरांत क्वचितच जिवावर बेतणारा एक कोरोना विषाणू तिथल्या चित्त्यांत शिरला आणि निम्म्याहून अधिक चित्ते गेले. जे कुलूप एका दाराला, तेच सगळ्या दारांना. एक किल्ली सापडली की घर उघडे.

या निष्कर्षांची बाजू जशी मोठी, तशी मर्यादाही नोंदवायला हवी. पुढे १९९४ मध्ये टिम कॅरो आणि कॅरन लॉरेन्सन यांनी आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या निरीक्षणांवरून दाखवले, की तिथे चित्त्याची बहुतेक पिल्ले मरतात ती सिंहांसारख्या शिकाऱ्यांच्या तोंडी पडून, वारशातल्या दोषाने नव्हे. मोजमापाने एक गोष्ट कळते, सगळ्या गोष्टी नाहीत. जंगलातल्या प्राण्याला आधी जंगल लागते, भक्ष्य लागते. मात्र प्रत्येक खानेसुमारीत आकडा मोजणाऱ्यांना १९८३ नंतर दुसराही एक प्रश्न विचारावा लागू लागला: आहेत तेवढे एकमेकांपासून किती वेगळे आहेत?

हा प्रश्न घेऊन ओब्रायन आणि त्यांचे सहकारी जुनागढला आले. सक्करबाग प्राणिसंग्रहालयातल्या गीरच्या सिंहांच्या रक्तातही त्यांच्या जेलीवर फरक उमटला नाही, आणि १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी गीरची तुलना सेरेंगेटी आणि एन्गोरोंगोरोच्या सिंहांशी मांडली. जितके वैविध्य कमी, तितके व्यंग असलेले शुक्रजंतू जास्त, असा तो चढता क्रम होता. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीला आली. अमेरिकेतली प्राणिसंग्रहालये आशियाई सिंह म्हणून जो वंश जपून वाढवत होती, त्याच्या पाच मूळपुरुषांपैकी दोन आफ्रिकी निघाले. वर्षानुवर्षे जपलेली वंशावळ कागदावर शुद्ध होती, रक्तात नव्हती. तो कार्यक्रम गुंडाळावा लागला.

नेमका तसाच पेच फ्लोरिडात उभा राहिला, आणि तिथे तो थेट जनावराच्या जिवावर उठला.

तोवर मोजण्याची साधने बदलली होती. १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएचे ठसे शोधले. प्रथिनांच्या पट्ट्यांवरून अंदाज बांधण्याऐवजी आता मूळ मजकूरच वाचता येऊ लागला. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. पाटीवर तेच अक्षर गिरवणारे पोर जसे किती वेळा लिहिले ते विसरते, तशी पेशीही अशा जागी नक्कल करताना मोजणी चुकते. कोणाकडे बारा वेळा, कोणाकडे पंधरा वेळा. ही संख्या पिढीजात उतरते, म्हणून ती वारशाची खूण ठरते. अशा आठ-दहा जागा एकत्र वाचल्या की एक जनावर दुसऱ्यापासून ओळखता येते, बापलेकाचे नाते लावता येते आणि सगळ्या वस्तीत मिळून वैविध्य किती उरले, याचा आकडा काढता येतो. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात.

ओब्रायन, रोएल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडाच्या पँथरचे रक्त तपासले, तेव्हा वैविध्य प्यूमाच्या इतर वस्त्यांपेक्षा खूपच कमी निघाले. शेपटीचा बाक आणि भोवरा या अस्सलपणाच्या खुणा नव्हत्याच. भाऊ-बहीण, बाप-लेक यांच्यात पिढ्यानपिढ्या संबंध होत गेले, की लपून राहिलेले दोष दोन्ही प्रतींत जमतात आणि अंगावर उमटतात. हे दोष तसे उमटलेले होते. जिला लोक कुळाची निशाणी समजत होते, ती कुळ बुडत चालल्याची वर्दी होती.

पण रक्ताने आणखी एक गुपित सांगितले. एव्हरग्लेड्समधल्या काही पँथरांत मध्य किंवा दक्षिण अमेरिकेकडच्या प्यूमाचा अंश होता. शोध घेता धागा बोनिटा स्प्रिंग्जच्या एका खासगी प्राणिसंग्रहालयापर्यंत गेला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षे तिथले प्यूमा एव्हरग्लेड्समध्ये सोडण्यात आले होते, आणि त्या पिंजऱ्यातल्या कुळात कधी तरी दक्षिणेकडचे रक्त मिसळले होते. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी, की ज्यांच्यात हा परका अंश होता त्यांच्या शेपट्या बऱ्याच अंशी सरळ होत्या.

कायद्याच्या दृष्टीने हे भयंकर होते. संकरित प्राण्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याचे कवच नाही, असा अर्थ अमेरिकी सरकारच्या विधिज्ञांनी १९७० च्या दशकात लावून ठेवला होता. तो शब्दशः पाळला असता, तर पँथर संकरित म्हणून त्याचे संरक्षण काढून घेता आले असते आणि त्याच्या जंगलावर डोळा ठेवून असलेल्यांना रान मोकळे झाले असते. १९९० च्या डिसेंबरात सरकारने तो अर्थ मागे घेतला. १९९१ मध्ये ओब्रायन आणि उत्क्रांतिशास्त्राचे भीष्माचार्य अर्न्स्ट मायर यांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहून या धोरणावर कडक टीका केली. शेजारच्या उपजातींत थोडेफार रक्त मिसळणे हा निसर्गाचा रोजचा व्यवहार आहे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वैचारिक पायरी हीच. शुद्धतेचा आग्रह सोडल्याशिवाय पुढचे पाऊल टाकताच आले नसते.

पुढचे पाऊल आपल्याकडच्या मेंढपाळाला सांगावे लागत नाही. कळपात तोच मेंढा फार वर्षे ठेवायचा नसतो, बाहेरचा आणायचा असतो. फ्लोरिडात मात्र यावर बैठकांमागून बैठका झाल्या. आणायचे तर कुठून? उत्तर इतिहासातच होते: टेक्ससहून. तिथल्या आणि फ्लोरिडाच्या प्यूमांत शतकभरापूर्वी येणे-जाणे होते. मधल्या वस्त्या बंदुकीने संपल्या नसत्या, तर ते चालूच राहिले असते. बाहेरून आणणे म्हणजे तुटलेले नाते पुन्हा जोडणे, एवढेच. विरोधही कमी नव्हता. टेक्ससचे रक्त इतके जोर धरेल की फ्लोरिडाचा पँथर नावापुरता उरेल, दलदलीत जगण्याचे त्याचे खास गुण धुऊन जातील, ही भीती प्रामाणिक होती. म्हणून थोडी जनावरे आणायची, त्यांची वीण झाली की त्यांना परत उचलायचे आणि नव्या रक्ताचा वाटा हिशोबात ठेवायचा, असे ठरले.

१९९५ मध्ये पश्चिम टेक्ससच्या कोरड्या डोंगराळ मुलखातून आठ माद्या दक्षिण फ्लोरिडाच्या पाणथळ रानात आणून सोडण्यात आल्या. त्या पकडून देणारे पुन्हा रॉय मॅकब्राइडच होते. माद्याच निवडल्या, कारण नवा नर आला असता तर हद्दीवरून स्थानिक नरांशी मारामाऱ्या झाल्या असत्या. मादी मात्र दुसऱ्याच्या हद्दीत सामावून जाते. आठपैकी तिघींना पिल्ले झाली नाहीत. पाच जणींना मिळून निदान वीस पिल्ले झाली. माद्या केवळ पाच.

पिल्लांच्या शेपट्या पाहिल्या गेल्या. जवळजवळ सगळ्या सरळ.

टेक्ससच्या उरलेल्या माद्या २००३ पर्यंत रानातून परत काढल्या गेल्या. २०१० मध्ये वॉरन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांचा हिशोब ‘सायन्स’मध्ये मांडला. पँथरांची संख्या तिप्पट झाली होती. दोन वेगळ्या प्रती असलेल्या जनुकांचे प्रमाण दुपटीला पोचले होते. मिश्र वंशाची पिल्ले शुद्ध वंशाच्या पिल्लांपेक्षा अधिक तगत होती, आणि हृदयाचे, वृषणांचे दोष घटले होते. २०१७ मध्ये प्रौढ पँथरांचा सरकारी अंदाज १२० ते २३० असा होता. त्याआधी, २०१६ मध्ये, कॅलूसाहॅची नदीच्या उत्तरेला एक मादी आढळली. नदीपलीकडे मादी दिसल्याची आधीची नोंद १९७३ ची.

तरीही याला विजय म्हणून थांबता येत नाही. पँथर आजही मोटारींखाली मोठ्या संख्येने मरतात, आणि दक्षिण फ्लोरिडातली वसाहत त्यांच्या जंगलात शिरतेच आहे. बाहेरचे रक्त एकदा दिले म्हणजे कायमचे भागले, असेही नाही. लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावरच्या लांडग्यांची कथा याला साक्ष आहे. १९९७ मध्ये गोठलेल्या सरोवरावरून एक नर लांडगा चालत बेटावर आला. त्याने वस्तीला नवी उभारी दिली. पण त्याची संतती इतकी वाढली, की थोड्या पिढ्यांत सगळेच त्याचे नातेवाईक झाले आणि पुन्हा तीच घसरण सुरू झाली. २०१८ पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले होते, तेही अगदी जवळच्या नात्यातले. मग बाहेरून लांडगे आणावे लागले.

आपल्याकडे या विद्येला आणखी एका साधनाची जोड मिळाली: विष्ठा. वाघाला पकडून रक्त काढणे धोक्याचे, पण वाटेवर पडलेल्या विष्ठेत त्याच्या आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांत डीएनए. १९९२ मध्ये इटलीतल्या अस्वलांच्या विष्ठेवर हे प्रथम सिद्ध झाले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या गटाने भारतीय वाघांच्या जनुकीय वैविध्याचा अभ्यास उभा केला. मध्य भारतात कान्हा, सातपुडा, पेंच आणि आपले मेळघाट इथली विष्ठा वेचून संशोधकांनी २७३ वाघ ओळखले आणि २०१३ मध्ये दाखवले, की जंगलाचे पट्टे जिथे शाबूत आहेत तिथे वाघांचे रक्त अजून एका रानातून दुसऱ्यात वाहते. पट्टा तुटला की तेही तुटते. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागात, आज प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल आहेत. सर्वांत रुंद साडेसातशे मीटरचा. रात्री वरून ट्रक धावतात आणि खालून वाघ जातो. टेक्सस ते फ्लोरिडा ही वाट अशी राखली असती, तर आठ माद्या उचलून न्याव्या लागल्या नसत्या, असे राहून राहून वाटते.

वाट उरली नाही अशी जागा भारतातही आहे. ओडिशातले सिमिलिपाल. इथले काही वाघ काळे दिसतात: पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, मधला पिवळा रंग जवळजवळ झाकलेला. जगात इतरत्र रानात असा वाघ दिसत नाही. त्यांना पाहायला लोक येतात, राज्याला त्यांचा अभिमान आहे, त्यांच्यासाठी खास सफारीची घोषणाही झाली. २०२१ मध्ये विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी या काळेपणाचे मूळ ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात शोधून काढले. १९८१ मध्ये डी विल्टच्या त्याच चित्ता केंद्रात ठिपक्यांऐवजी पाठीवर रुंद काळे पट्टे असलेले पिल्लू जन्मले होते, त्याला ‘किंग चीता’ म्हणतात. त्याच्या पट्ट्यांमागेही हेच जनुक. काळा रंग स्वतः आजार नाही. पण अक्षरातला हा दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींत असल्याखेरीज वाघ काळा होत नाही, आणि तो सिमिलिपालमध्ये इतका सर्रास झाला, याचा अर्थ तिथले वाघ थोड्याच पूर्वजांचे वंशज आहेत आणि बाहेरून कोणी आलेले नाही. ओडिशाच्या २०२३-२४ च्या गणनेत सिमिलिपालमध्ये २७ प्रौढ वाघ मोजले गेले, त्यांतले १३ काळे.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात दोन वाघिणी तिथे नेण्यात आल्या, जमुना आणि झीनत. दोघी आपल्या चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी परिसरातल्या. विदर्भात वाघ दाटीने आहेत, सिमिलिपालमध्ये नव्या रक्ताची गरज आहे, आणि आठ टेक्ससकन्यांप्रमाणे इथेही माद्याच निवडल्या गेल्या. झीनतला नवे घर रुचले नाही. ती सिमिलिपाल ओलांडून झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया आणि बांकुडापर्यंत. तीन राज्यांचे वनखाते तिच्या मागावर होते. २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडले आणि परत सिमिलिपालला आणले.

ताडोबाच्या वाघिणीकडे त्या बदललेल्या अक्षराची प्रत असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिला सिमिलिपालच्या काळ्या वाघापासून पिल्ले झाली, तर बापाकडून प्रत्येकाला एक प्रत मिळेल, आईकडून मिळणार नाही. म्हणजे रानात लावलेल्या कॅमेऱ्यात जी पिल्ले येतील, ती पिवळी असतील, नेहमीच्या बारीक पट्ट्यांची.